तेल्या आणि अँटिबायोटिक: डाळिंब बागायतदारांसाठी पावसाळी सल्ला

चार दिवस रिपरिप, मग उघडीप, मध्येच कडक ऊन आणि परत ढग. असं हवामान आठवडाभर टिकलं की सांगोला-आटपाडीपासून नाशिकच्या कसमादे पट्ट्यापर्यंत एकच विचारणा सुरू होते: तेल्याला, म्हणजे डाळिंबावरच्या जिवाणूजन्य करप्याला, काय मारू? कृषी सेवा केंद्रात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं, ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि सोबत स्ट्रेप्टोसायक्लिन या अँटिबायोटिकची पुडी. ठिपका दिसो न दिसो, दर फवारणीला ही पुडी टाकीत जाते. यंदा तिच्यावर हात आवरा, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. त्यामागचं कारण झाडावरच्या जिवाणूंच्या जनुकांत आहे, म्हणून थोडं तिकडून सुरुवात करतो.

डाळिंबाचं निरोगी पानही जिवाणूंनी भरलेलं असतं. त्यातले बहुतेक कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पानातून झिरपणाऱ्या साखरेवर जगतात. तेल्या घडवणारा जिवाणू, झँथोमोनास, मात्र वेगळा. त्याच्या पेशीवर इंजेक्शनच्या सुईसारखी एक यंत्रणा असते. तिच्यातून तो विशिष्ट प्रथिनं थेट पानाच्या पेशीत सोडतो आणि झाडाची प्रतिकारशक्ती आतूनच बंद पाडतो. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये या जिवाणूच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. कागदी लिंबावरच्या खैऱ्या (कँकर) रोगाचा जिवाणू त्याचा अगदी जवळचा भाऊबंद आहे.

मग घातक आणि गरीब जिवाणूंत फरक किती? यावर सगळ्यात चांगलं काम झालं ते सफरचंद आणि नाशपतीवर. फायर ब्लाइट हा त्या झाडांचा जुना वैरी, एर्विनिया अमायलोव्होरा नावाच्या जिवाणूमुळे होतो. मोहोर आणि शेंडे भाजल्यासारखे काळे पडतात. ऑस्ट्रेलियातल्या सफरचंद-नाशपतीच्या झाडांवर त्याचाच एक नातेवाईक सापडला, एर्विनिया टास्मानिएन्सिस. तो रोग करत नाही. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००८ मध्ये वाचला गेला, तेव्हा सुईची यंत्रणा त्याच्याकडेही निघाली! पण रोग घडवणारे काही भाग एक तर गायब होते, नाहीतर बदललेले. शिवाय सॉर्बिटॉल पचवणारी जनुकं त्याच्यात मुळीच नव्हती. सफरचंदाच्या कुळातल्या झाडांत सॉर्बिटॉल हीच मुख्य साखर, आणि फायर ब्लाइटच्या जिवाणूला रोग करायला ती पचवावीच लागते. टास्मानिएन्सिस पानाफुलावर राहतो पण झाड मारत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. उलट जागा आणि अन्न अडवून तो वैऱ्याशी स्पर्धा करत असावा, असं मानलं जातं.

म्हणजे पानावरची ही गरीब मंडळी आपल्या उपयोगाची आहेत. अँटिबायोटिक मारलं की तीही मरू शकतात. पण खरी काळजी जे मरत नाहीत त्यांची आहे.

अमेरिकेत मिशिगनच्या सफरचंद बागांत स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे आपल्या पुडीतलंच एक अँटिबायोटिक, वर्षानुवर्षं फवारलं गेलं. १९९० च्या सुमारास तिथल्या फायर ब्लाइटच्या जिवाणूवर ते चालेनासं झालं. तपासणीत प्रतिकाराची दोन जनुकं सापडली, तीही एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकणाऱ्या तुकड्यावर बसलेली. हाच तुकडा त्या बागांतल्या निरुपद्रवी जिवाणूंतही होता. फवारणीनं आधी या गरीब जिवाणूंत प्रतिकार वाढला आणि तिथून तो वैऱ्याच्या हाती गेला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. तांब्याचंही तसंच. लिंबूवर्गीय झाडांच्या पानावरच्या निरुपद्रवी जिवाणूंत तांबं सोसणारी जनुकं सापडली आहेत, आणि ती खैऱ्याच्या जिवाणूत घातली तर त्यालाही तांबं सोसतं. आपल्या बागेत ठिपका नसताना मारलेली पुडी अशा प्रतिकाराला खतपाणी घालते. पुढे तेल्या आला की तेच औषध लागू पडेनासं होऊ शकतं, आणि मग डोस वाढवायचा मोह होतो.

आता कामाचं.

आधी ठिपका ओळखा. पान उजेडाकडे धरा. तेल्याचा ठिपका सुरुवातीला पाण्यानं भिजल्यासारखा, तेलकट, थोडा आरपार दिसणारा असतो. नंतर मध्यभागी काळपट होतो आणि भोवती पिवळी कडा येते. फळावर काळे डाग पडून इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखे तडे जातात. फांदीवर डाग गोल फिरला तर फांदी तिथेच मोडते. कोरडा, तेलकटपणा नसलेला ठिपका बहुतेक वेळा बुरशीचा असतो; त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. शंका असेल तर दोन-चार ताजी डागी पानं कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा. ओली पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वाटेतच कुजतात.

मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेली) फळं झाडावर असतील तर पानं ओली असताना बागेत कामं काढू नका. पाण्याच्या थेंबाबरोबर आणि माणसाच्या कपड्या-हातांबरोबर रोग ओळीनं पुढे सरकतो. डागी फळं दिसली की तोडा, बादलीत गोळा करा आणि बागेबाहेर खड्ड्यात पुरा. बांधावर किंवा ओढ्यात फेकणं म्हणजे शेजाऱ्याच्या बागेला रोग पाठवणं. नत्राचा हात आखडता घ्या. लुसलुशीत पालवीवर तेल्या लवकर बसतो. ताम्रयुक्त फवारणी करा, पण लेबलवरच्या मात्रेत आणि पाऊस उघडल्यावर.

ज्यांची बाग विश्रांतीत आहे आणि हस्त बहार (पावसाळा सरतानाचा) धरायचा आहे, त्यांच्या हातात खरी संधी आहे. जिवाणू गळलेल्या पानांत आणि फांदीवरच्या जखमांत तग धरून राहतो. खालची पानं झाडून जाळा. छाटणी डागाच्या दोन इंच खालून घ्या. छाटणीची टोळी गावभर फिरते, म्हणून कात्री आपल्या बागेत येतानाच आणि मग दर झाडानंतर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायला लावा. मजूर कुरकुर करतील, पण यात सूट नाही. कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा आणि झाडाला एक टक्का बोर्डो द्या: एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडी नको. मिश्रण झालं की त्यात स्वच्छ विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवा, नाहीतर पानं करपतील. त्याच दिवशी संपवा.

ज्या बागेत दरवर्षी तेल्या येतो, तिथं मृग धरूच नये. हस्त किंवा आंबे (हिवाळ्याच्या शेवटी धरायचा) बहार घ्या.

सुडोमोनास किंवा बॅसिलसची जैविक औषधं वापरत असाल तर ती ताम्रयुक्त औषधात मिसळू नका. तांबं या जिवाणूंनाही मारतं. दोन्ही फवारण्यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा.

आणि पुडीबद्दल: स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन ही माणसांच्या उपचारातलीच औषधं असतात. शेतीतला त्यांचा वापर थांबवण्यासाठी केंद्रानं डिसेंबर २०२१ मध्ये आदेशाचा मसुदा काढला होता. त्यामुळे खरेदीआधी सध्याचा नियम तालुका कृषी कार्यालयात विचारा, निर्यातीचा माल असेल तर खरेदीदारालाही. दुकानदारानं आग्रह केला तर पक्कं बिल मागा आणि लेबलवर डाळिंब लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचा.