युद्धात होरपळलेल्या माणसाची मुलाखत चित्रित करताना

दहा मिनिटांच्या माहितीपटाला एकच कुटुंब पुरतं. चार घेतलीत तर एकाचंही धड सांगून होत नाही.

संमती दोनदा घ्या: चित्रीकरणाआधी आणि कच्चं संकलन दाखवल्यावर. चेहरा लपवायचा असेल तर नंतर धूसर करू, या भरवशावर राहू नका. खिडकीला पातळ पडदा लावा, माणसाला तिच्याकडे पाठ करून बसवा आणि एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) पडद्यावरच्या उजेडावर लॉक करा. चेहरा काळा राहतो. पडदा नसेल तर बाहेरची पाण्याची टाकीच पत्ता सांगते! आवाज आणि हातावरचं गोंदणही ओळख पटवतात. फोनवर चित्रण असेल तर कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद करा, नाहीतर फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. फ्रीज बंद (निघताना आठवणीनं चालू करा). खोलीतली नुसती शांतता ३० ते ६० सेकंद रेकॉर्ड करा. ती नसली की संकलनात प्रत्येक कटला आवाज तुटतो.

"कसं वाटलं?" विचारलं की ठोकळेबाज उत्तर येतं. "पाणी कुठून आणता? रांगेत कोण उभं राहतं?" असं विचारा. रडू आलं तर कॅमेरा थांबवायचा का, हे बोलणाऱ्यानं ठरवायचं. त्यासाठी हाताची खूण आधीच ठरवून घ्या.