जुन्या बोटीची गळकी खिडकी आणि कॅनव्हासचं कव्हर: मृगाआधी उरकायचं काम

मे महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीला गेलात तर शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी पार खाली सरकलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या तांबड्या काठावर बोटी आडव्यातिडव्या टेकलेल्या दिसतात. त्यातली एक आमची. बावीस फुटी, फायबरची, पुढे छोटी केबिन, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या. वय तिशीच्या आसपास. इंजिन ठणठणीत आहे, पण सलग तीन पावसाळे केबिनमधली गादी भिजली आणि तिन्ही वर्षी मी एकच मूर्खपणा केला: खिडकीच्या कडेनं बाहेरून सिलिकॉनची नळी फिरवली आणि हात झटकले. चौथ्या वर्षी खिडकी सगळी काढली तेव्हा कळलं, की त्या सिलिकॉननं पाणी आत यायचं थांबलं नव्हतं, आत आलेलं पाणी बाहेर जायचं मात्र थांबलं होतं.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी येणारच. ते बाहेर काढण्यासाठी पट्टीच्या बाहेरच्या अंगाला दोन-तीन बारीक भोकं असतात. मी ती भोकंच बुजवली होती. पाणी पट्टीत तुंबलं आणि आतल्या काठावरून गादीवर उतरलं. म्हणून पहिलं काम अगदी फुकटातलं: ती भोकं शोधा, सायकलच्या आरीची तार घालून मोकळी करा आणि पट्टीत तांब्याभर पाणी ओता. पाणी बाहेरून वाहून गेलं तर तुमचं निम्मं दुखणं तिथंच मिटलेलं असू शकतं.

गळती नेमकी कुठे, ते शोधा

पाणी जिथं टपकतं तिथूनच ते आत आलेलं असतं असं नाही. छतावरच्या हातकठड्याच्या स्क्रूतून शिरलेलं पाणी आतल्या अस्तरामागून चार फूट सरकतं आणि खिडकीच्या कोपऱ्यात डोकं काढतं. दोष खिडकीला जातो.

आम्ही यासाठी घरातली रांगोळी वापरतो. आतला भाग कोरडा पुसायचा, खिडकीच्या खाली आणि दोन्ही बाजूंच्या कडांना रांगोळीची रेघ ओढायची (उभ्या कडेला चिकटपट्टीवर भुरभुरायची). मग एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं. धार सौम्य हवी आणि सुरुवात खालून. आधी खालची कड पाच मिनिटं, मग बाजू, मग वरची कड, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. रेघ जिथं पहिल्यांदा काळवंडेल तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि त्या वेळी पाणी कुठे पडत होतं तेही लिहून ठेवा. गाड्या धुवायचा प्रेशर पंप नको. तो चांगल्या खिडकीतूनही पाणी आत घालतो.

खिडकी काढताना

फ्रेमसकट काढा. अर्धवट सोडवून फटीत सीलंट कोंबण्यात अर्थ नाही. स्क्रू काढण्याआधी फोटो घ्या आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेच्या क्रमानं पुठ्ठ्यात टोचून ठेवा, कारण लांबी सगळ्यांची सारखी नसते. फ्रेम चिकटून बसली असेल तर पटाशीनं उचकटू नका, ॲल्युमिनियम वाकतं आणि फायबरचा वरचा चकचकीत थर टवके होऊन निघतो. मासेमारीची जाड तंगूस फटीत घालून दोन्ही हातांनी करवतीसारखी मागेपुढे ओढा. जुनं सीलंट हळूहळू कापलं जातं. वेळ लागतो, बोटं दुखतात, हातमोजे घाला.

फ्रेम निघाली की उघड्या कडेकडे नीट बघा. बऱ्याच जुन्या बोटींच्या केबिनच्या भिंतीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. पेचकसाच्या मुठीनं ठोकून पाहा. टणटणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पेचकसाचं टोक लाकडात लोण्यासारखं गेलं, तर सडलेला भाग कोरून काढावाच लागेल. तो खड्डा पूर्ण वाळू द्या (मेच्या उन्हातही आठवडा धरा), मग इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेत) भरण मिसळून बुजवा. स्क्रूची भोकंही इपॉक्सीनं भरून पुन्हा पाडा, म्हणजे पुढे एखाद्या स्क्रूतून पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. मला सगळ्यात जास्त दिवस इथंच लागले, आणि इथं घाई केली असती तर पुढचं सगळं काम वाया गेलं असतं.

सफाई आणि सीलंट

जुन्या सिलिकॉनचा नुसता तवंग राहिला तरी त्यावर दुसरं काही धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आधी प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, मग फायबरची कड बारीक पॉलिश पेपरनं घासा. खिडकीची पारदर्शक शीट बहुतेक वेळा काच नसून ॲक्रिलिक, म्हणजे कडक प्लास्टिक, असते. तिला थिनर किंवा ॲसिटोन अजिबात लावू नका. लगेच काही दिसत नाही, पण पुढे जाळीसारख्या बारीक चिरा येतात. सौम्य साबण, पाणी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढं पुरतं.

शीट आधीच पिवळी पडून चिरली असेल तर जुनीच नमुना म्हणून वापरून नवी कापून घ्या. साताऱ्यात किंवा सांगलीत दुकानांचे नामफलक बनवणारे ॲक्रिलिक बरोब्बर कापून देतात. आमच्या मापाच्या खिडकीला सहा मिलिमीटर जाडी पुरली. मात्र शीट फ्रेममध्ये घट्ट बसवू नका. एक मीटर लांबीचं ॲक्रिलिक तापमानातल्या तीस अंशांच्या फरकाला सुमारे दोन मिलिमीटर लांबतं. म्हणून चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी, आणि शीटमधून स्क्रू जात असेल तर भोकही स्क्रूपेक्षा तेवढं मोठं हवं. नाही तर दुपारच्या उन्हात भोकापासून चीर जाते.

आता सीलंट. हार्डवेअरच्या दुकानात हात पुढे केला की जी नळी मिळते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती परत द्या. ती ॲल्युमिनियमला खाते. न्यूट्रल सिलिकॉन मागा. पॉलियुरेथेन सीलंट फ्रेम आणि फायबर यांच्यामध्ये जबरदस्त धरतं, पण ॲक्रिलिकला लागलं तर त्याची खराबी करू शकतं, आणि पुढे फ्रेम काढायची वेळ आली तर घाम फोडतं. माझी पसंती ब्यूटाइल टेपला. पत्र्याच्या शेडचे जोड बुजवायला ती वापरतात. कधीच कडक होत नाही, थिजलेल्या गुळासारखी चिकट राहते, आणि पाच वर्षांनी फ्रेम काढावी लागली तरी निघते.

टेप फ्रेमच्या मागच्या कडेला सलग लावा, प्रत्येक स्क्रूभोवती तिचीच एक बारीक वळी गुंडाळा. फ्रेम जागेवर ठेवून स्क्रू समोरासमोरचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतात त्या क्रमानं, थोडे थोडे आवळा. एका दमात करकचून नाही. आज आवळा, उद्या दुपारी टेप उन्हानं मऊ झाली की पुन्हा आवळा, परवा तिसऱ्यांदा. कडेनं बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या सुरीनं कापा. नळीतलं सीलंट वापरणार असाल तर पहिल्यांदा हलकंच आवळा, ते धरल्यावर शेवटचा पाव फेरा द्या. सगळं पिळून बाहेर काढलंत तर आत उरणार काय?

सरकत्या काचेची मऊ लोकरी पट्टी आणि रबराचं बीडिंगही याच वेळी बदला. मोटारीच्या काचा बसवणाऱ्यांकडे बीडिंगचे तुकडे मिळतात, जुना तुकडा नमुन्याला न्या. रबर ओढून बसवू नका. ते नंतर आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. उलट चिमूटभर जास्तच ठेवून दाबून बसवा, आणि सांधा वरच्या कडेला घ्या. केबिनची एखादी खिडकी अडचणीच्या वेळी बाहेर पडायची वाट असेल तर ती मात्र आतून सहज उघडलीच पाहिजे.

मग पुन्हा रांगोळी, पुन्हा पाइप.

कव्हर: कापडाआधी उताराचा विचार

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि आमच्याकडे तो नुसता वरून पडत नाही, आडवा मारतो. म्हणूनच इकडे घरांच्या भिंतींना पावसाळ्यात गवताच्या झडी बांधत. बोटीचं कव्हर म्हणजे छप्पर आणि झड दोन्ही एकदम.

छप्पर म्हटलं की आढं आलं. बोटीच्या मधोमध, पुढून मागे, एक आडवा पाइप किंवा जाड बांबू उंच बांधा. त्यावरून दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्यांच्या कमानी सोडा, साधारण अडीच-तीन फुटांवर एक. जिथं कापड खोलगट राहील तिथं पाणी साचेल, आणि एक चौरस मीटरवर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे शंभर किलो, सिमेंटच्या दोन गोण्या. कामटीची टोकं आणि काचेचे कोपरे यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. वाऱ्यात कापड तिथंच घासून फाटतं.

कापडाचं म्हणाल तर निळी प्लास्टिकची ताडपत्री एका मोसमापुरती. उन्हानं तिचे धागे सुटतात आणि वाऱ्यात ती रात्रभर फडफडते. सुती कॅनव्हास भिजल्यावर फुगून स्वतःच टाक्यांची भोकं बुजवतो, श्वासही घेतो, पण आटतो आणि ओला ठेवला तर बुरशी धरतो. पीव्हीसीचं लेपन असलेलं ट्रकच्या ताडपत्रीचं कापड पाण्याला पक्कं, मात्र आतली वाफ बाहेर सोडत नाही. ॲक्रिलिक धाग्याचा कॅनव्हास सगळ्यात चांगला आणि सगळ्यात महाग. मी पीव्हीसी घेतलं आणि हवेसाठी वेगळी सोय केली.

माप टेपनं घेऊन भागत नाही. जुन्या साड्या किंवा प्लास्टिकचा कागद कमानींवर पसरा, ताणून पिना लावा, कडा मार्करनं आखा, मधली रेघ काढा आणि तो नमुना शिवणाऱ्याकडे न्या. सगळीकडे चार सेंटिमीटर दुमडीला सोडा. सुती कापड असेल तर कापायच्या आधी एकदा भिजवून वाळवा.

शिवायला रिक्षाचे हूड शिवणारा कारागीर गाठा. घरच्या मशिनला हे झेपत नाही. मला ज्यांनी शिवून दिलं ते म्हणाले, “दादा, कापड राहतंय, दोरा आधी मरतोय उन्हानं.” सुती दोरा नको, जाड पॉलिस्टरचा सांगा. जोड जीनच्या पँटीच्या बाजूच्या शिवणीसारखा, दुहेरी दुमडून, आणि वरचा तुकडा खालच्यावर कौलासारखा चढलेला. उलट चढवला तर तो पाण्याचं पन्हाळं होतो. जोड आढ्यावर किंवा उतारावर चालतो, खोलगट जागी नको.

खालच्या कडेला परकरासारखा नेफा करून त्यात नायलॉनची दोरी ओवा. कड बोटीच्या काठाच्या खाली वीतभर उतरली पाहिजे, म्हणजे पागोळ्या बाहेर पडतील. दर दीड फुटावर पितळी रिंग, तिच्यामागे कापडाचा दुहेरी तुकडा. टिचबटणं केबिनवर ठोकायचा मोह होतो, पण प्रत्येक बटण म्हणजे फायबरला एक नवं भोक. आत्ताच भोकं बुजवून आलोय आपण. मी दोऱ्या बोटीच्या पोटाखालून घेऊन समोरच्या रिंगेला बांधल्या.

हवेसाठी आढ्याच्या दोन्ही टोकांना, कापडाच्या टोपीखाली, हातभर रुंद जाळीची खिडकी ठेवा. नाही तर आतली वाफ खिडकीवर जमून ठिबकते आणि माणूस परत सीलंटची नळी घेऊन धावतो. इंजिन पेट्रोलचं असेल तर कव्हर काढून हवा खेळू दिल्याशिवाय चावी फिरवू नका, आणि सगळं बंद असताना इंजिन चालवू नका. धुरातला वास नसलेला विषारी वायू आत कोंडतो.

पावसाआधी बोट पूर्ण भरावाच्या पातळीच्या वर ओढा. कोयना धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून २१६३.५ फुटांपर्यंत येतं. नाक थोडं उंच ठेवा, मागचं निचऱ्याचं बूच काढा आणि दर पंधरा दिवसांनी दोऱ्या तपासा.

गेल्या ऑक्टोबरात कव्हर काढलं. डाव्या खिडकीखालची रांगोळीची रेघ मेमध्ये ओढली तशीच होती, एका टोकाला मुंग्यांनी विस्कटलेली. उजवीकडे रुपयाएवढा डाग. तो खिडकीचा नव्हता, वरच्या हातकठड्याच्या तिसऱ्या स्क्रूचा होता. त्याचं काम या मेमध्ये.