शिकवायचं तर कामाच्या जागी शिकवा

"शिकवलं आणि सोडून गेला तर?" ट्रेनिंगचं बजेट मांडलं की हा प्रश्न येतोच. मी मशीन शॉपमधलं ट्रेनिंग बघतो आणि ही भीती मला रास्त वाटते. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६४ मध्ये दाखवून दिलं, की काही कौशल्यं कुठेही चालतात, काही फक्त त्याच कंपनीत. पहिली शिकलेल्याला बाहेर जास्त पगार मिळू शकतो. तरीही कंपन्या खर्च करतात, कारण बाहेरून आणलेल्या अनुभवी माणसालाही इथल्या मशीनच्या खोडी कळायला वेळ लागतो. तोवर रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढतं, डिलिव्हरी लांबते आणि हे नुकसान कुठल्याच खात्यावर वेगळं दिसत नाही.

कोर्सची यादी मागवण्याआधी काम कुठे अडतं ते बघा. एका बाजूला माणसांची नावं, दुसऱ्या बाजूला कामं असा तक्ता करून भिंतीवर लावा. ज्या कामाला एकच माणूस आहे, त्याने रजा घेतली की लाइन थांबणार. पहिला पैसा तिथे लावा.

शिकवण्याची पद्धत म्हणाल, तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या फोरमनना 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या कार्यक्रमातून दिलेली चार पायऱ्यांची रीत मला सगळ्यांत भरवशाची वाटते: शिकणाऱ्याची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरच सगळे थांबतात. समजा, सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, वेअर ऑफसेट शिकवायचाय, म्हणजे टूलची झीज भरून काढायला मशीनमध्ये टाकायचा आकडा. जॉबचा, म्हणजे मशीनवर बनणाऱ्या भागाचा, बाहेरचा व्यास वाढला की ऑफसेट वजा करायचा, हे पोरगं लगेच पाठ करतं. पण टूलचं टोक झिजलं की ते आधीइतकं मटेरियल काढत नाही, म्हणून बाहेरचा व्यास वाढतो, हे कारण त्याच्या तोंडून आलं पाहिजे. शिवाय चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकून माप चुकलं असेल तर ऑफसेटला हात लावायचा नाही. आधी जॉब पुसून मायक्रोमीटरने पुन्हा मोजायचा. हा विवेक वर्गात येत नाही. त्यासाठी शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरचं त्या दिवसाचं प्रॉडक्शन टार्गेट कमी करा. टार्गेट तेच ठेवून "याला जरा शिकव" म्हणणं हा त्या दोघांवर अन्याय आहे.

प्रशिक्षण आवडलं का, एवढं विचारणारा फॉर्म भरून घेऊन फाइल बंद करू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्यांपैकी ती फक्त पहिली. पुढे तो शिकला का, कामात वापरतो का आणि कामाचा निकाल सुधारला का, हे बघायचं असतं. म्हणून ट्रेनिंगआधीचा सेटिंगचा वेळ आणि रिजेक्शन लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

आणि बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ सोडून जाणार नाही अशा करारावर, विसंबू नका. माणूस नवं काम करू लागला की त्याला तेच काम द्या, हुद्दा बदला, पगार वाढवा. ही वाढ ट्रेनिंगच्या बजेटमध्येच धरा, पहिल्याच दिवशी.