पहिला पूर येण्याआधी विहिरीचा काठ मोकळा करा

तणनाशकाचे कॅन आणि फवारणीचा पंप विहिरीच्या काठावरून आजच उचला. बाकीची कामं उद्या झाली तरी चालतील. उभं पीक हातचं गेलेलं मी पाहिलंय ते बहुतेक वेळा याच एका हलगर्जीपणापायी. पाणी हाताशी आहे म्हणून औषध काठावरच कालवायचं आणि पंपही तिथंच विसळायचा. मग टोमॅटो, कापूस, द्राक्षाची पानं आखडतात, शेंडे पीळ खातात. विषाणूचा रोग समजून दुकानदार टॉनिक गळ्यात मारतो. 2,4-डी हे तणनाशक पाण्यातून मुळाशी गेलं असेल तर कुठलंही टॉनिक ते बाहेर काढत नाही. तो पैसा वाया गेला म्हणून समजा.

‘सांडलेलं ओढ्याकडे वाहून जातं, आपली विहीर वरच्या अंगाला आहे,’ असं पुष्कळजण म्हणतात. विहिरीचा पंप बंद असेपर्यंत ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण जमिनीतलं पाणी आपल्या पातळीच्या उताराला लागून सरकतं. पंप सुरू झाला की विहिरीभोवतीची पातळी नरसाळ्यासारखी खाली बसते आणि चारी बाजूंचा उतार विहिरीकडे वळतो. खालच्या अंगाचा उकिरडा, शोषखड्डा, शेजाऱ्याची औषध कालवायची जागा या नरसाळ्यात आली, तर तिथला पाझरही तुमच्याकडेच येतो. उपसा जितका लांबतो तितकं नरसाळं पसरतं. शेजारी दोन बोअर एकदम चालले तर नरसाळं आणखी खोल जातं.

ओढ्याचंही असंच आहे. पातळी वर असताना जमीन ओढ्याला पाणी देते. पातळी उतरली की ओढाच जमिनीत मुरू लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि त्याच वेळी पहिला पूर शेतांतलं खत, औषध, मैला घेऊन येतो. वर्षातला सगळ्यात धोक्याचा काळ हाच. म्हणून पहिल्या पुरानंतर तीन-चार दिवस ओढ्याकाठची विहीर उपसू नये. हा आकडा पुस्तकातला नाही, माझ्या अंदाजाचा आहे. पुरानंतर विहीर गढूळली, किंवा एरवी एकसारखं थंड असणारं पाणी ओढ्यासारखंच तापू लागलं, तर ओढा आत येतोय असं धरा.

ठिबकातून खत सोडणाऱ्यांनी आणखी एक बघावं. वीज गेली की नळीतलं पाणी मागे पळतं आणि टाकीतलं खत किंवा औषध विहिरीत ओढून नेतं. पंप आणि व्हेंच्युरी (पाण्याच्या ओढीनं खत आत खेचणारी नळी) यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप, हवाच. विहिरीतल्या नळीच्या तळाशी असणाऱ्या फुटव्हॉल्ववर भरवसा ठेवू नका, त्यात कचरा अडकतो.

या आठवड्यात:
- काठाभोवतीच्या भेगा बुजवणे, पाणी बाहेर जाईल असा उतार देणे
- बोअरच्या केसिंगचं (आत बसवलेल्या पाइपचं) तोंड जमिनीच्या वर आणून झाकणे
- उकिरडा हलवणे
- औषध कालवायची जागा विहीर, बोअर आणि ओढा तिन्हींपासून लांब नेणे
- पंप विसळलेलं पाणी त्याच पिकावर फवारणे

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून 30 मीटर दूर असावा, असं साधारण सांगतात. वाळूमातीत ते ठीक आहे. भेगाळ खडकात पाणी भेगेतून थेट धावतं, तिथे या मापाला फारसा अर्थ नाही. रसायनांचाही स्वभाव वेगवेगळा. ग्लायफोसेट हे तणनाशक मातीला घट्ट चिकटतं. अ‍ॅट्राझिन हे दुसरं तणनाशक पाण्याबरोबर खाली उतरतं. युरोपीय संघानं 2004 मध्ये त्याला मान्यता नाकारली ती भूजलाच्या भीतीपोटीच. युरियातून बनणारं नायट्रेट तर मातीला चिकटतच नाही. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळलं तर ते जात नाही, उलट दाटतं. तान्ह्या बाळाला असं पाणी देऊ नका.

जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर: चांगल्या प्रतीची असेल तर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. व्यास 6 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल तर सुमारे 85,000 लिटर, म्हणजे 212 ग्रॅम. तासाभरानं लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. तणनाशकावर किंवा नायट्रेटवर याचा भरवसा धरू नका, आणि ‘विहीर शुद्ध करणाऱ्या’ महागड्या बाटल्यांवर तर नकोच.

शंका असेल तर एका कुंडीत टोमॅटोचं रोप लावून विहिरीचं पाणी द्या, दुसऱ्या कुंडीला साठवलेलं पावसाचं. दोनेक आठवड्यांत फक्त पहिलं रोप आखडलं तर ते पाणी पिकाला देऊ नका. पिण्याच्या पाण्याला मात्र प्रयोगशाळाच हवी.

आणि औषध विहिरीत पडलंच, तर घाबरून पंप कायमचा बंद करू नका. विहीर नुसती पडून राहिली तर ते हळूहळू शेजाऱ्यांच्या बोअरकडे सरकतं. आधी त्यांना कळवा, त्यांचे पंप थांबवा, पिण्याचा वापर बंद करा. कृषी कार्यालयाला विचारून पाणी लांबच्या पडीक जमिनीवर उपसा, ओढ्यात सोडू नका. मग पुन्हा तपासून घ्या.