‘मी काही केलं नाही हो’ म्हणणाऱ्या बाईकडून आणीबाणी कशी नोंदवून घ्यावी

जून १९७५मध्ये जी वीस वर्षांची होती ती आज सत्तरी गाठून बसली आहे. तेव्हा हे काम मनात असेल तर पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. आणीबाणीतल्या बायकांच्या आठवणी मी बरीच वर्षं ध्वनिमुद्रित करते आहे. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना जे तोंडी सांगते, ते एकदा लिहून टाकते.

मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या विरोधी पक्षांतल्या पुढारी बायकांविषयी वाचाच. प्रमिलाताई येरवड्यात आणि त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, अशी दोन तुरुंगांमधली पत्रं आहेत. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे त्यांना अटक झाली, हेही लिहिलं गेलं आहे. पण तुम्हाला ज्या बाईकडे जायचंय तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. आणीबाणीची नंतर चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने दिलेला आकडा असा, की मिसा (चौकशीविना स्थानबद्ध करण्याचा कायदा) आणि डीआयआर (भारत संरक्षण नियम) यांखाली देशभर १,१०,८०६ जणांना अटक झाली. हे आत गेलेले. त्यांच्यामागे घर ज्यांनी चालवलं त्यांची मोजदाद कोणी केली नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८मध्ये या बंदींसाठी मानधन सुरू केलं तेही कारावासाच्या मुदतीवर : महिन्याहून जास्त काळ आत असलेल्याला तेव्हा दरमहा १०,००० रुपये, कमी काळ असलेल्याला ५,०००. बाई त्या कागदावर येते ती पत्नी म्हणून, पती गेल्यावर. म्हणून ती स्वतःच म्हणते, मी कुठे काय केलं, सगळं यांनीच केलं.

इथे वही मिटू नका. खरी मुलाखत इथून सुरू होते.

जाण्याआधी एका कागदावर तारखा लिहून घ्या. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागली. ४ जुलैला संघ, जमाते इस्लामी, आनंदमार्ग आणि काही नक्षलवादी गटांवर बंदी आली. १४ नोव्हेंबरपासून विरोधकांच्या लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला. १८ जानेवारी १९७७ला निवडणुका जाहीर झाल्या आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. हा कागद तुमच्यासाठी आहे. तिला तारीख विचारायची नाही. थोरला कितवीत होता, पाऊस सुरू झाला होता का, दिवाळीला हे घरी होते का, असं विचारायचं आणि उत्तर कागदाशी ताडून बघायचं. बहात्तर-त्र्याहत्तरचे बायकांचे, हातात लाटणं घेऊन निघालेले महागाईविरोधी लाटणं मोर्चे आणि आणीबाणी आठवणीत हमखास मिसळतात. रेल्वे क्वार्टर्समधल्या बायका तर मे १९७४च्या संपातले पोलीस सहज पंचाहत्तरमध्ये आणतात. मध्येच चूक काढू नका. नंतर तळटीप लिहिता येते.

आता नवरा. तो हयात असेल तर तुम्ही मुलाखतीला त्याच्याकडेच आला आहात असं तो धरून चालतो, आणि बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो. माझा उपाय साधा आहे : पहिल्या दिवशी त्याचीच मुलाखत घ्या. बराक, जेवण, सोबतचे पुढारी, अभ्यासवर्ग, सगळं मन लावून ऐका. दुसऱ्या दिवशी फक्त तिच्यासाठी या आणि तसं आधीच सांगून ठेवा. तरीही तो येऊन बसला तर स्वयंपाकघरात बसा. भांड्यांचा आवाज येईल, येऊ द्या.

‘तुमचं योगदान काय?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. असल्या प्रश्नाला सत्काराच्या भाषणासारखंच उत्तर मिळतं. हात काय करत होते ते विचारा. यांना पकडून नेल्यावर पहिल्या महिन्याचं भाडं कुठून दिलं? यांचा पगार थांबला तेव्हा दुकानदाराने उधार दिलं का? ओळखीच्या कोणी रस्ता बदलला? भूमिगत माणूस मुक्कामाला असला की शेजारणीला कोण म्हणून सांगायचात? पत्रकं सायक्लोस्टाईल करून कुठे ठेवायचात, न्यायचात कशातून? तुरुंगात यांना भेटायला जाताना मुलांना न्यायचात का? तिथे पोलीस शेजारी बसलेला असताना काय बोलायचात? या प्रश्नांना ‘मी काही केलं नाही’ हे उत्तर देताच येत नाही. भूमिगत माणसाला घरात ठेवणं म्हणजे स्वतःच्या अटकेची तयारी ठेवणं होतं. ज्या बाईने चार महिने असा माणूस जेवू घातला तिला राजकारणातलं काही कळत नव्हतं, असं मला तरी कोणी सांगू नये.

एखादी गप्पच राहिली तर १९७७ची घोषणा म्हणून दाखवा, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. पाणीवाली बाई म्हणजे पाण्यासाठी लढलेल्या मृणाल गोरे. त्या निवडणुकीत मृणालताई मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या. अनेकींची जीभ इथे मोकळी होते. मग लगेच इंदिराबाईंविषयी विचारा. राज्य करणारी बाई, आंतरराष्ट्रीय महिला वर्षही तेच, आणि तुरुंगात बायका! एकाहत्तरच्या युद्धात जिचं कौतुक केलं तिच्याच पोलिसांनी दार वाजवलं तेव्हा काय वाटलं, हे ज्यांनी मला सांगितलं त्या फार विचार करून बोलल्या. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, त्यामुळे घाई करू नका.

फक्त विरोधकांच्या घरी जाऊन थांबलात तर काम अर्धंच होईल. आणीबाणी आवडलेल्या बायकाही भेटतील : गाड्या वेळेवर आल्या, साठेबाज घाबरले. त्यांच्याशी वाद घालू नका. कम्युनिस्टांकडे गेलात तर कुठला पक्ष ते आधी विचारा. भाकपचा आणीबाणीला पाठिंबा होता, माकपचा विरोध. आणि त्या वेळी शिक्षिका किंवा परिचारिका असलेल्या बाईला नसबंदीच्या ‘टार्गेट’बद्दल, म्हणजे किती जणांना नसबंदीला आणायचं त्या ठरवून दिलेल्या आकड्याबद्दल, जरूर विचारा. तीन मुलांनंतर सक्ती करणारं विधेयक १९७६मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण खालच्या कर्मचाऱ्यावरचा दबाव खरा होता. नसबंदीच्या केसेस आणायला कोणाच्या दारात गेलात, हे विचारताना रेकॉर्डर बंद करायची तयारी ठेवा.

कागद मागायचे ते शेवटच्या भेटीत. सेन्सॉरचा शिक्का बसलेली पोस्टकार्डं, स्थानबद्धतेचा हुकूम, पॅरोलचा अर्ज, असं काही ट्रंकेत निघेल. स्थानबद्धतेची कारणं सांगण्याचं बंधन सरकारने काढून टाकलं होतं, त्यामुळे ‘का पकडलं ते कागदावर नाही’ असं ती म्हणाली तर ती विसरली आहे असं समजू नका. मूळ कागद घरी नेऊ नका. खिडकीशी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाचाही काढा.

कधी एखाद्या घडीत नवऱ्याने तुरुंगातून दिलेलं हमीपत्र सापडतं : यापुढे राजकारणात भाग घेणार नाही, मला सोडा. बरेचदा ते द्या म्हणून गळ घालणारी घरचीच बाई असते. दोन लहान पोरं आणि आजारी सासू असताना तिने तसं केलं असेल, आणि नवऱ्याने आयुष्यभर ते ऐकवलंही असेल. हे नोंदवा, पण तिने आणि घरच्यांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय छापू नका. नाव बदललं तरी गावात माणूस ओळखू येतो. संमतीचा कागद मुलाखत झाल्यावर पुन्हा वाचून दाखवा, कारण सुरुवातीला हो म्हणताना आपण काय सांगणार आहोत हे तिलाही ठाऊक नसतं.

लिहून काढताना तिची बोली सरळ करू नका. पहिली प्रत मोठ्या टाइपात छापून तिलाच द्या. तिने खोडलेलं खोडायचं, वाढवलेलं घ्यायचं. बहुतेक जणी नवऱ्याविषयीची एखादी ओळ खोडतात आणि कोणा शेजारणीचं नाव वाढवतात. त्या शेजारणीचा पत्ता लगेच विचारून घ्या.