घरच्या तव्यावर खापरोळी

दक्षिण कोकणात, विशेषतः मालवण-वेंगुर्ल्याकडे, आंबोळी ही नेहमीची न्याहारी आहे, पण आमच्या घरी खापरोळी व्हायची ती पाहुणे येणार असले म्हणजेच. पूर्वी ती मातीच्या खापरावर भाजत, म्हणून तिचे हे नाव. खापरोळी तळहाताएवढी लहान आणि अर्ध्या बोटाएवढी जाड असावी, कारण तिला नारळाचा गोड रस पोटात धरून ठेवायचा असतो; ती पातळ झाली तर रसात तिचा लगदा होतो.

2 वाट्या जुने तांदूळ वेगळे आणि अर्धी वाटी उडीदडाळ, पाव वाटी चणाडाळ व 1 चमचा मेथी एकत्र अशी 5 ते 6 तास भिजत घालावीत. वाटण्यापूर्वी अर्धी वाटी जाडे पोहे धुऊन मऊ होऊ द्यावेत. डाळी अगदी गुळगुळीत आणि तांदूळ व पोहे किंचित रवाळ वाटावेत. पाणी बेताने घालावे, कारण पीठ पळीतून धारेने न वाहता गोळ्यागोळ्याने पडले पाहिजे. उडीद आणि मेथी यांच्या चिकटपणामुळेच आंबताना तयार झालेली हवा पिठात अडकून राहते, त्यामुळे त्यांत काटकसर करू नये. वाटलेल्या डाळीचा थेंब वाटीभर पाण्यात टाकून पाहावा. तो तरंगला तर डाळ नीट फुगली असे समजावे.

सगळे एकत्र करून त्यात मीठ आणि पाव चमचा हळद घालावी, हाताने चांगले फेटावे आणि मोठ्या पातेल्यात झाकून ठेवावे. वैशाखातल्या उकाड्यात 6-7 तासांतच पीठ वर येते, तर थंडीत रात्रभरही पुरत नाही. घड्याळापेक्षा वासावर विश्वास ठेवावा, कारण गोड रसात आंबट खापरोळी मुळीच चांगली लागत नाही. नीट आंबलेल्या पिठाला सोड्याची गरज नसते, आणि तो मी कधीच घालत नाही.

बिडाचा तवा चांगला तापवून, नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने त्याला तेल पुसावे व आच मध्यम करावी. पीठ न ढवळता कडेने पळीभर उचलून तव्याच्या मध्यभागी ओतावे आणि तसेच राहू द्यावे. ते पळीने पसरवण्याचा मोह होतो, पण पसरवले की आत कोंडलेली हवा निघून जाते. झाकण ठेवून 3 ते 4 मिनिटे थांबावे. आधी कडेला बुडबुडे येतात, मग ते मध्याकडे सरकतात, फुटतात आणि त्यांची भोके उघडीच राहतात. वरचा ओलसर चकाकणारा थर निस्तेज झाला की कालथ्याने उलटून दुसरी बाजू मिनिटभरच शेकावी. जाळीची बाजू करपली तर रस आत शिरत नाही.

रसासाठी एक मोठा नारळ खवून कोमट पाण्यात वाटावा व फडक्यातून पिळावा. चोथ्यातून पुन्हा एकदा रस काढावा. त्यात 1 वाटी बारीक चिरलेला गूळ विरघळवावा, खडे असतात म्हणून रस पुन्हा गाळावा, आणि वेलदोड्याची पूड व चिमूटभर मीठ घालावे. रस विस्तवावर ठेवू नये, तो फाटतो.

गरम खापरोळी जाळीची बाजू खाली करून खोलगट ताटलीतल्या रसात ठेवावी आणि 5 मिनिटांनी वाढावी. रस मात्र आदल्या दिवशी काढून ठेवू नये, कारण दमट हवेत तो लवकर आंबतो. पाहुणे उंबऱ्यात आले की नारळ फोडला तरी वेळ पुरतो.