विद्यापीठातल्या पदाला अर्ज करताय? आधी नॉन-क्रिमीलेयरची तारीख बघा

दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठातली सहायक प्राध्यापकपदाची मुलाखत माझ्या हातून कागदपत्र पडताळणीच्या टेबलावरच गेली. नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) होतं, पीएचडी होती. समोरच्या बाईंनी माझ्या नॉन-क्रिमीलेयर दाखल्यावर, म्हणजे घरचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत असल्याच्या कागदावर, बोट ठेवलं: '31 मार्चपर्यंत वैध.' अर्जाची शेवटची तारीख 12 एप्रिल होती. पुढचं काही कुणी बघितलंच नाही.

म्हणून आपल्या शिवाजी विद्यापीठाची जाहिरात येवो की बाहेरची, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी अशा आरक्षित प्रवर्गातले असाल तर पहिल्यांदा तो कागद काढा. दाखला कुठल्याही महिन्यात काढलेला असू दे, मुदत संपते 31 मार्चलाच. नव्यासाठी उत्पन्नाचे पुरावे, तहसीलदारांचा दाखला, महा ई-सेवा केंद्र आणि शेवटी प्रांतांची (उपविभागीय अधिकाऱ्यांची) सही, एवढं सगळं लागतं. जूनमध्ये कॉलेज प्रवेशाची गर्दी असते, म्हणून दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्येच टाका. जात वैधता प्रमाणपत्र आहे म्हणून निवांत राहू नका, ती वेगळी आणि हा वेगळा. ईडब्ल्यूएसवाल्यांनो (आर्थिक दुर्बल घटक), तुमचाही दाखला दरवर्षी नवा लागतो.

फोटो, सही, आधार तुम्हाला सांगायला नको. जाहिरातीत विषय आणि आरक्षण दोन्ही नीट बघा, नुसता विषय बघून फी भरू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांतला, मुलाखतीसाठी उमेदवार निवडायच्या गुणांचा तक्ता 3-अ समोर ठेवून स्वतःचे गुण आधीच मांडा: पीएचडीला 30, नेटला 5, सेटला (राज्याची पात्रता परीक्षा) 3, शोधनिबंधाला प्रत्येकी 2, पण कमाल 10. तासिका तत्त्वावर शिकवलं असेल तर नेमणुकीचं पत्र, मान्यतेचं पत्र आणि रुजू-कार्यमुक्तीच्या तारखा जोडा. 'पाच वर्षं शिकवलंय' असं नुसतं लिहून कुणी गुण देत नाही. सध्या कुठं नोकरीत असाल तर ना हरकत पत्र आजच मागा, प्राचार्यांची सही मिळायला दिवस जातात. आणि दाखल्याची तारीख बघितलीत का? वर सांगितलंय, तरी परत सांगतो.

ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. छापील प्रत मागितली असेल तर ती मुदतीआधी कुलसचिवांकडे पोचली पाहिजे. स्पीड पोस्टची पावती जपा.

प्रकल्पातली पदं वेगळी. जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत, पण प्रकल्प संपला की पद संपतं. मुलाखतीला जाण्याआधी प्रकल्पाच्या मार्गदर्शकांचे दोन तरी पेपर वाचा.

शिक्षकेतर पदांना एमएस-सीआयटी (संगणकाचा कोर्स), टंकलेखन, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं.

मुलाखतीला मूळ कागद, दोन झेरॉक्स संच. आदल्या रात्री नॉन-क्रिमीलेयर हातात घ्या आणि तारीख मोठ्यानं वाचा.